जामोवी : स्पेशल स्कूलचा डेटा घेऊन बसलेल्या टीचरांसाठी, वापरून सांगतेय

गोव्यातल्या फोंड्याहून लिहितेय. स्पेशल स्कूलमध्ये शिकवते आणि सोबत रिसर्च चालू आहे, त्यामुळे हा रिव्ह्यू कॉम्प्युटरवाल्यांसाठी नाही, ज्यांच्याकडे रजिस्टरं भरून नोंदी आहेत, मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी आहेत आणि गाईड सांगतायत की क्वांटिटेटिव्ह अॅनालिसिस करून आणा, त्यांच्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगते, जामोवी हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर घ्या. पण ते काय करतं आणि काय करत नाही हे समजून घ्या, कारण आपल्या क्षेत्रातला डेटा सगळ्यांच्या डेटासारखा नसतो आणि कुठलंच सॉफ्टवेअर ते आपणहून ओळखत नाही.

जामोवी पूर्ण फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं. आतून सगळा हिशोब आर ही भाषा करते पण तुम्हाला कोड लिहावा लागत नाही, मेनूतून निवडायचं. एकदा डाऊनलोड केलं की नेट लागत नाही, आणि पावसात सत्तरी सांगे बाजूला राहणाऱ्यांना हे किती महत्त्वाचं आहे ते वेगळं सांगायला नको. शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर उघडायला जरा वेळ घेतं, पण आपला डेटा छोटा असतो त्यामुळे एकदा उघडलं की अडत नाही. एक्सेलमधून सीएसव्ही करून घाला, किंवा कोणाकडे एसपीएसएस या विकतच्या स्टॅटिस्टिक्स सॉफ्टवेअरची सॅव्ह (.sav) फाईल असेल तर तीही सरळ उघडते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डावीकडे डेटा, मध्ये ऑप्शन आणि उजवीकडे निकाल, सगळं एकाच स्क्रीनवर, आणि डेटातला एक आकडा बदलला की उजवीकडचं टेबल लगेच आपोआप बदलतं. नवीन शिकणाऱ्याला याचा फार मोठा फायदा आहे. एका मुलाचा स्कोअर ८ चा १८ करून बघा, सरासरी किती हलते, मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) किती हलतो, पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना असा निकाल नुसत्या योगायोगाने यायची शक्यता) कुठच्या कुठे जाते, हे डोळ्यांसमोर दिसतं. दहा मुलांच्या ग्रुपमध्ये एक मूल अख्खा निकाल फिरवू शकतं हे लेक्चरमध्ये कितीही वेळा ऐकलं तरी असं बघितल्याशिवाय आत उतरत नाही. डिस्क्रिप्टिव्हज मध्ये गेलात की बॉक्स प्लॉटसोबत ‘डेटा’ वर टिक करा, मग प्रत्येक मूल एक एक ठिपका म्हणून दिसतं. माझी सगळ्यांना विनंती आहे की कुठलीही टेस्ट लावायच्या आधी हा ग्राफ काढा आणि प्रत्येक ठिपका कोण आहे ते ओळखा. आपण त्या मुलांना रोज बघतो, बाहेरच्या स्टॅटिस्टिशियनला जे कळणार नाही ते आपल्याला ठिपका बघून कळतं, की हा इतका खाली का, त्या आठवड्यात त्याची औषधं बदलली होती म्हणून.

आता व्हेरिएबलचा प्रकार. जामोवीत प्रत्येक कॉलमला छोटं चित्र असतं, नॉमिनल (नुसते गट), ऑर्डिनल (क्रम असलेल्या पायऱ्या), कंटिन्युअस (मोजलेला आकडा) आणि आयडी (मुलाची ओळख). फाईल घातली की सॉफ्टवेअर स्वतः अंदाज बांधतं, आणि तो अंदाज तपासायचं काम तुमचं. आपल्याकडे यात खूप गोंधळ होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत (आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते), लोक एक्सेलमध्ये १ ते २१ आकडे घालतात आणि मग त्या कॉलमची सरासरी काढून टेबलात चिकटवतात. दिव्यांगत्वाच्या प्रकाराची सरासरी म्हणजे काय? काहीच नाही. तो कॉलम नॉमिनल करा आणि फक्त किती मुलं ते मोजा. यावरूनच आणखी एक, २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, पण तेव्हा प्रकार ८ होते, त्यामुळे तो आकडा घेऊन आजच्या २१ प्रकारांशी तुलना करणारे पेपर दिसले की जपून वाचा, मोजायची चौकटच बदललेली आहे.

ऑर्डिनलचंही तसंच. फिजिकल प्रॉम्प्ट (हात धरून मदत), व्हर्बल प्रॉम्प्ट (बोलून मदत), स्वतंत्रपणे, याला आपण १, २, ३ देतो, पण प्रॉम्प्टवरून स्वतंत्रपणावर जायला मुलाला जितकं झगडावं लागतं तितकंच आधीच्या पायरीला लागतं असं कोणी सांगितलंय? जे शिकवतात त्यांना माहीत आहे की शेवटची पायरी सगळ्यात लांब असते. म्हणून अशा कॉलमला ऑर्डिनल ठेवा, मीडियन बघा, टी टेस्टच्या (दोन सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या टेस्टच्या) खिडकीतच खाली दोन वेगळ्या ग्रुपसाठी मान-व्हिटनी आणि पेअर्डमध्ये, म्हणजे त्याच मुलांच्या आधी-नंतरसाठी, विल्कॉक्सन असतं त्यावर टिक करा. वेगळ्या मेनूत शोधत बसावं लागत नाही, हे फार चांगलं केलंय.

आयएसएए, म्हणजे ऑटिझम मोजायची भारतीय स्केल, वापरणाऱ्यांसाठी पण सांगते. ४० आयटम, प्रत्येकाला १ ते ५, म्हणजे एकूण ४० ते २०० पर्यंत, त्यात ७० ते १०६ माईल्ड, १०७ ते १५३ मॉडरेट आणि त्यावर सिव्हिअर. सर्टिफिकेटसाठी ह्या रेषा लागतात हे खरं, पण रिसर्चमध्ये मूळ स्कोअर हातात असताना ग्रुप पाडून अॅनालिसिस करू नका. १०६ आणि १०७ वाली दोन मुलं सारखीच आहेत, ग्रुप पाडलात की ती वेगळ्या डब्यात जातात, आणि ७१ वालं मूल १०६ वाल्याच्या डब्यात बसतं. कंटिन्युअस ठेवा, कोरिलेशन किंवा रिग्रेशन (आकड्यांमधलं नातं मोजणाऱ्या पद्धती) लावा, जामोवीत दोन्ही सोपं आहे.

एफएसीपी ही मुलांच्या रोजच्या कौशल्यांची चेकलिस्ट तर आपल्या स्पेशल स्कूलांत खूप ठिकाणी भरतात, आणि प्री-पोस्टचा (आधी-नंतरचा) डेटा म्हणून सगळ्यात आधी हात तिकडेच जातो कारण टक्केवारी तयार मिळते. पण त्यात ८० टक्के आले की मूल पुढच्या लेव्हलला जातं आणि चेकलिस्ट बदलते. म्हणजे जूनमध्ये प्रायमरी वनला ७० होतं, मग ८५ झालं, वर गेलं आणि नवीन यादीवर मार्चमध्ये ४० आलं. हे ७० आणि ४० शेजारी शेजारी ठेवून पेअर्ड टी टेस्ट लावली की सगळ्यात जास्त प्रगती केलेलं मूल सगळ्यात मागे गेलेलं दिसणार, आणि जामोवी एका शब्दाने तक्रार करणार नाही, त्याच्यासाठी ते दोन आकडे. पोस्टला जुनी यादीच परत भरून घ्या किंवा लेव्हल बदललेली मुलं वेगळी मांडा. हे कुठल्याही ट्युटोरियलमध्ये मिळणार नाही म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिलं.

आता छोट्या सॅम्पलचं, जे आपलं कायमचं दुखणं आहे. समजा ५ मुलं आहेत, पाचही सुधारली, एकही मागे गेलं नाही. विल्कॉक्सनच्या एक्झॅक्ट हिशोबात पाच जोड्यांना प्लस मायनसच्या ३२ शक्यता असतात, आणि टू-टेल्ड (सुधारणा आणि घसरण दोन्ही बाजू धरून काढलेला) पी कमीत कमी २ भागिले ३२ म्हणजे ०.०६२५ येऊ शकतो. म्हणजे पाचच्या पाच सुधारली तरी ०.०५ च्या, म्हणजे ‘सिग्निफिकंट’ म्हणायच्या नेहमीच्या रेषेच्या, खाली जाणं शक्यच नाही! सहा मुलं असतील तर ०.०३१ पर्यंत जाता येतं. दोन ग्रुप असतील आणि ३ विरुद्ध ३ असेल तर मान-व्हिटनीत सगळ्यात चांगला निकाल ०.१०, ४ विरुद्ध ४ ला ०.०२९. हे डेटा गोळा करायच्या आधी माहीत असायला हवं, नाहीतर वर्षभर मुलांकडून काम करून घ्यायचं आणि शेवटी ‘नॉट सिग्निफिकंट’ लिहून पद्धतच निकामी ठरवायची, यात मुलांवरही अन्याय आणि त्या पद्धतीवरही. माझ्या ओळखीतल्या एका टीचरनी हेच विचारलं होतं, सगळी मुलं शिकली तर आकडा नाही का म्हणतो? आकडा नाही म्हणत नाहीये, त्याला हो म्हणायला पुरेशी मुलं नाहीयेत एवढंच.

म्हणून पी व्हॅल्यूच्या शेजारी इफेक्ट साईज (फरक किती मोठा) आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (तो अंदाज कुठून कुठपर्यंत असू शकतो) दोन्हीवर टिक करायची सवय लावा, जामोवीत दोन्ही एका क्लिकवर आहेत. फक्त इफेक्ट साईज वाचताना घाई नको. ०.२ छोटा, ०.५ मध्यम, ०.८ मोठा हे कोहेन यांचे डी चे आकडे (डी म्हणजे सरासरीतला फरक भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन) सगळे पाठ म्हणतात, पण आपल्या वर्गात मुलांमधला फरकच इतका असतो की स्टँडर्ड डेव्हिएशन (आकड्यांचा पसारा) फुगतं. १० मार्कांची तीच सुधारणा, डेव्हिएशन २५ असेल तर डी ०.४, आणि १० असेल तर १.०. मुलं तेवढीच शिकली. शिवाय जामोवी पेअर्ड टेस्टमध्ये जो डी देतं तो फरकांच्या डेव्हिएशनने भागून येतो, दोन वेगळ्या ग्रुपमधल्या डी शी त्याची तुलना करायची नाही, पण लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हे दोन्ही एकाच टेबलात सर्रास दिसतात.

आणखी एक सावधगिरी, वीस व्हेरिएबल घालून वीस टेस्ट मारणं जामोवीत इतकं सोपं आहे की मोह होतो. वीस स्वतंत्र टेस्टमध्ये खरा फरक कुठेच नसला तरी निदान एक तरी ‘सिग्निफिकंट’ यायची शक्यता ६४ टक्के असते. कुठला प्रश्न विचारायचाय ते आधी कागदावर लिहून ठेवा.

प्रश्नावलीची रिलायबिलिटी (तिचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते) काढायला फॅक्टर मेनूत क्रोनबॅक अल्फा आहे, मॅकडोनल्ड ओमेगा पण आहे, उलट्या आयटमना रिव्हर्स करायची सोय तिथेच. छान आहे, पुढे जाऊया. निरीक्षणाच्या डेटासाठी लागणारा कप्पा (दोन निरीक्षकांची सहमती योगायोग वगळून मोजणारा आकडा) मात्र मूळ मेनूत नाही, मॉड्यूल शोधावं लागतं. पण तो हाताने काढणं अजिबात अवघड नाही आणि निदान एकदा हातानेच काढावा असं मी म्हणेन. समजा दोन टीचर एकाच मुलाला ५० इंटरव्हल बघतात, लक्ष आहे की नाही. दोघी ‘आहे’ म्हणाल्या २० वेळा, दोघी ‘नाही’ १५ वेळा, बाकी १५ वेळा मत वेगळं, त्यात पहिली एकटी ‘आहे’ म्हणाली ५ वेळा आणि दुसरी एकटी १० वेळा. सहमती ७० टक्के, ऐकायला बरी वाटते. पण पहिली एकूण निम्म्या वेळा ‘आहे’ म्हणते आणि दुसरी ६० टक्के, म्हणजे डोळे मिटून म्हटलं तरी ५० टक्के जुळणारच होतं. ७० वजा ५० म्हणजे २०, भागिले उरलेले ५०, कप्पा ०.४. आता तो ७० तेवढा भारी वाटत नाही. आमच्याकडे टक्केवारी लिहून थांबायची पद्धत आहे, ती बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

जामोवीची सगळ्यात मोठी उणीव आपल्या दृष्टीने एकच, सिंगल केस डिझाईनसाठी मूळ मेनूत काहीही नाही. आणि स्पेशल एज्युकेशनमध्ये तर तेच सगळ्यात जवळचं डिझाईन, एक मूल, आधी बेसलाईन (पद्धत सुरू व्हायच्या आधीचे दिवस), मग इंटरव्हेन्शन (पद्धत चालू असतानाचे दिवस), रोजची नोंद. लोक काय करतात, एका मुलाचे बेसलाईनचे दिवस एका कॉलममध्ये, नंतरचे दुसऱ्यात, आणि इंडिपेंडंट टी टेस्ट. हे चालत नाही, कारण एकाच मुलाचा आजचा दिवस कालच्या दिवसाशी जोडलेला असतो आणि ती टेस्ट प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असं धरून चालते. इथे आधी ग्राफ, डोळ्यांनी बघणं, मग नॅप किंवा टाऊ-यू सारखं ओव्हरलॅपचं माप, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या नोंदी एकमेकांत किती मिसळतात ते. जुनं पीएनडी (बेसलाईनच्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर गेलेल्या नोंदींची टक्केवारी) अजून खूप वापरतात, १९८७ पासून आहे, पण त्याचा दोष बघा. बेसलाईन २, ३, ९, २, ३ आणि इंटरव्हेन्शन ७, ८, ८, ९, ८. बेसलाईनचा सगळ्यात मोठा आकडा ९, त्याच्या वर एकही नाही, पीएनडी शून्य टक्के! एका चांगल्या दिवसाने सगळं पुसलं. नॅपमध्ये प्रत्येक बेसलाईन दिवसाची प्रत्येक नंतरच्या दिवसाशी जोडी लावायची, २५ जोड्या, त्यातल्या २० जिंकल्या, एक बरोबरीत म्हणून अर्धा, २०.५ भागिले २५ म्हणजे ०.८२. हे कागदावर होतं, आणि पुढे जायचं असेल तर आरमधलं सिंगलकेसईएस पॅकेज आहे, त्याचं वेब अॅपही आहे, कोड न लिहिता आकडे घालून काढता येतं.

इथे गोव्यातल्यांनी कॅलेंडर समोर घेऊनच डिझाईन करावं. शिक्षणातले अभ्यास तपासणाऱ्या अमेरिकेतल्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाऊसच्या निकषांत पूर्ण मान्यतेसाठी प्रत्येक फेजला (बेसलाईन किंवा इंटरव्हेन्शनच्या टप्प्याला) निदान ५ नोंदी मागतात आणि परिणाम तीन वेगवेगळ्या वेळी दिसला पाहिजे असं आहे. आता बेसलाईन ऑगस्टच्या शेवटी सुरू केली आणि मध्ये गणेश चवथीची सुट्टी आली की संपलंच, मुलं गावच्या घरी जातात, माणसांची गर्दी, झोपेची वेळ बदलते, परत आली की पहिला आठवडा बसायलाच तयार नसतात. सुट्टीनंतर इंटरव्हेन्शन चालू केलं आणि रेघ वर गेली तर ती तुमच्या पद्धतीने वर गेली की मूल नुसतं परत रुळावर आलं म्हणून, हे कोणीच सांगू शकणार नाही. मल्टिपल बेसलाईन घ्या, तीन मुलांना वेगवेगळ्या तारखांना सुरू करा, आणि फेज बदलायची तारीख चवथी, दिवाळी, नाताळ यांच्या लगेच मागेपुढे ठेवू नका.

भाषेचंही बघा. घरी कोंकणी, शाळेत मराठी किंवा इंग्लिश, आणि वाचनाची टेस्ट तिसऱ्याच भाषेत बेतलेली. लर्निंग डिसॅबिलिटीवर काम करणाऱ्यांनी डेटा शीटमध्ये घरची भाषा आणि टेस्टची भाषा असे दोन कॉलम पहिल्या दिवसापासून ठेवावेत, मग जामोवीत फिल्टर लावून निदान वेगवेगळं बघता तरी येतं. कॉलमच नसेल तर नंतर कुठून आणणार.

दोन तीन शाळांमधून मुलं घेतली असतील तर एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात कारण टीचर एक. त्यासाठी गॅमएलजे नावाचं मॉड्यूल आहे, मिक्स्ड मॉडेल (शाळेचा किंवा वर्गाचा परिणाम वेगळा धरणारं मॉडेल) करतं, चांगलं आहे, पण दोनच शाळा असतील तर शाळाशाळांमधला फरक त्यातून धड निघत नाही, तेव्हा मॉडेल मोठं दिसतंय म्हणून घालू नका.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवा. जामोवीची ओएमव्ही फाईल सेव्ह केली की तिच्यात निकाल, ऑप्शन आणि पूर्ण डेटा सगळं एकत्र जातं. स्वतःच्या कामाला हे वरदान आहे, सहा महिन्यांनी उघडलं तरी कुठली टेस्ट कशी लावली ते दिसतं. पण तीच फाईल ग्रुपवर फॉरवर्ड केली की मुलांचा डेटा पण गेला. आणि आपला गोवा केवढासा, नाव काढून टाकलं तरी वय, तालुका आणि दिव्यांगत्वाचा प्रकार एवढ्यावरून काणकोणातली ती मुलगी कोण हे अर्ध्या गावाला कळतं. बाहेर पाठवायचं असेल तर निकालाची पीडीएफ काढून तेवढीच पाठवा, आणि थिसिसमध्ये सुद्धा तालुक्याऐवजी जिल्हा लिहा, जिथे एकदोनच मुलं आहेत तिथे तोही नको.

एसपीएसएस की जामोवी असं बऱ्याच जणी विचारतात. एसपीएसएस १९६८ पासून आहे, २००९ मध्ये आयबीएमने घेतलं, गाईड लोकांच्या हाताला बसलेलं आहे, कॉलेजकडे लायसन्स असेल तर वापरा. पण क्रॅक कॉपी टाकून व्हायरस घेऊ नका, एमएड पीएचडीला लागणारं जवळजवळ सगळं इथे फुकट मिळतं आणि निकाल तेच येतात, गाईडना दोन्हीचं टेबल शेजारी ठेवून दाखवा. जास्प पण फुकट आणि चांगलं, अॅमस्टरडॅम विद्यापीठातलं, बेझियन पद्धत (पी व्हॅल्यूऐवजी पुराव्याचं वजन बघणारी) शिकायची असेल तर तेच घ्या, जामोवी सुरू करणाऱ्यांपैकी काही आधी तिथेच काम करत होते म्हणून दोन्ही दिसायला भावंडं वाटतात. नुसतं एक्सेल ग्राफसाठी ठीक.

शिकायला सुरुवात करणाऱ्यांनी जामोवीच्या साईटवरून ‘सॉलिड’ लिहिलेलं व्हर्जन घ्या, ‘करंट’ मध्ये नवीन गोष्टी असतात पण थिसिससाठी स्थिर बरं, आणि व्हर्जनचा नंबर मेथडॉलॉजीत लिहा. पणजीला पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत बसून शांतपणे करता येतं, लॅपटॉप चार्ज करून न्या. पहिला डेटा परक्या उदाहरणाचा न घेता आपल्याच वर्गाच्या हजेरीचा आणि एका स्किलच्या नोंदींचा घ्या, मुलांना नावाऐवजी कोड द्या, आयडी कॉलमला आयडी प्रकार लावा आणि डिस्क्रिप्टिव्हजपासून सुरू करा. कोणाला एफएसीपीची शीट कशी मांडायची ते बघायचं असेल तर विचारा, रिकामा साचा देईन, त्यात लेव्हल बदलल्याचा कॉलम आधीच घातलेला आहे.